न हलणारे चित्र कसे पाहावे: हाताने काढलेल्या जुन्या युद्धकला-ॲनिमेच्या नव्या प्रेक्षकासाठी

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हाताने काढलेले जपानी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, नकळत पाहिलेलेच आहे. ती मालिका जपानमध्ये १९८९ साली सुरू झाली होती आणि तिच्यातले प्रत्येक चित्र कुणीतरी टेबलावर वाकून पेन्सिलीने काढलेले होते. पुढे कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ आली आणि तिच्या नायकाचे, गोकूचे, नाव शाळेच्या मधल्या सुट्टीत पोहोचले. तरीही अलीकडच्या संगणकीय ॲनिमेवर नजर तयार झालेला वीस-बावीस वर्षांचा प्रेक्षक १९८६ची मूळ ‘ड्रॅगन बॉल’ लावतो, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत त्याची एक तक्रार ठरलेली असते: चित्र हलतच नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती खोडून काढण्याचा माझा विचार नाही. जुन्या झुंजींमध्ये चित्र खरोखरच बराच वेळ थांबलेले असते. ते का थांबते, केव्हा थांबते आणि थांबल्यावर त्यात काय पाहायचे, हे एकदा कळले की या मालिकांची गोडी आपोआप लागते, असा माझा अनुभव आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: चित्र कसे बनत असे, ते आधी समजून घ्यावे

चित्रफितीच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. दूरचित्रवाणीचा एक भाग, जाहिराती वगळून, २२ मिनिटांचा धरला तर त्यात ३१,६८० चौकटी होतात. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा असताना एवढी वेगवेगळी चित्रे काढणे कोणत्याही स्टुडिओच्या आवाक्यातले नव्हते. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १९६३ साली ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा यावर काढलेला तोडगा पुढे साऱ्या जपानी दूरचित्रवाणीची रीत बनला: एकच चित्र सलग तीन चौकटींवर टिपायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागते, पात्र बोलत असेल तर फक्त ओठ हलवायचे, आणि एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरायची. ही काटकसर मुळात पैशांची आणि वेळेची होती, तिला कलेचे नाव नंतर मिळाले, हे विसरू नये.

कामाची वाटणी अशी असे. मुख्य चित्रकार हालचालीतले महत्त्वाचे क्षण काढी. त्या चित्रांना जपानीत ‘गेन्गा’ म्हणतात. त्यांच्या मधली चित्रे दुसरे, बहुधा नवशिके, चित्रकार भरून काढीत. मग ती रेघ ‘सेल’ नावाच्या पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकवर उतरवली जाई आणि रंग त्या सेलच्या मागच्या बाजूने भरला जाई, म्हणजे पुढची रेघ स्वच्छ राही. मागचा डोंगर, आकाश, आखाडा हे सारे कागदावर पोस्टर कलरने वेगळे रंगवलेले असे. शेवटी कागदावर सेल ठेवून वरून कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपली जाई. दूरचित्रवाणीसाठी ही फीत साधारणपणे १६ मिलिमीटरची असे.

या पद्धतीचे दोन परिणाम नव्या प्रेक्षकाने पहिल्याच दिवशी शोधावेत. पहिला असा की सेलवरचा रंग सपाट आणि उजळ असतो, तर पार्श्वभूमीवर कुंचल्याचे फटकारे दिसतात. त्यामुळे दहा खडकांमधला एकच खडक थोडा वेगळा, गुळगुळीत दिसला, तर पुढच्या क्षणी कुणीतरी त्यावर आपटणार आणि तोच फुटणार, हे आधी ओळखता येते. लहानपणी मला हे भविष्य सांगण्याचे सामर्थ्य वाटे. दुसरा परिणाम अधिक सुंदर आहे. गोकूच्या तळहातातून निघणारा झोत किंवा तलवारीच्या पात्यावरची चमक ही रंगाने रंगवलेली नसे. काळ्या आवरणात त्या आकाराची खिडकी कापून खालून खरा दिवा लावला जाई आणि तीच फीत दुसऱ्यांदा टिपली जाई. पडद्यावर दिसणारा तो प्रकाश एकेकाळी एका खोलीत खरोखर पेटलेला होता, म्हणूनच त्याच्या कडा थोड्या पसरलेल्या, धगधगीत वाटतात.

पायरी २: सुरुवात ‘ड्रॅगन बॉल’च्या १४व्या भागापासून करावी

पुष्कळ जाणकार नव्या माणसाला पहिल्या भागापासून सारे पाहायला लावतात. मी तसे सांगणार नाही. आकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवर तोएई या स्टुडिओने केलेली ही मालिका फेब्रुवारी १९८६ ते एप्रिल १९८९ या काळात १५३ भागांत प्रसारित झाली. तिचे पहिले तेरा भाग हे ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कथेच्या थट्टेखोर अंगाने जाणारे भटकंतीचे साहस आहे आणि युद्धकला तिथे अजून मध्यभागी आलेली नाही. १४ ते २८ हे पंधरा भाग सलग पाहावेत. त्यांत गोकू आणि कुरिरिन ही दोन मुले ‘कामे सेन्निन’ नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला राहतात आणि मग ‘तेन्काइची बुदोकाई’ या स्पर्धेत उतरतात.

ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडची तालीम जवळून पाहिली आहे, त्यांना यातले शिक्षण ओळखीचे वाटेल. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाही, आधी हौद्यातली तांबडी माती उकरायला लावतो. तसाच हा म्हातारा या मुलांना एकही ठोसा शिकवत नाही. तो त्यांना पहाटे घरोघर दूध पोहोचवायला लावतो, हातांनी शेत नांगरायला लावतो, आणि हे सारे पाठीवर २० किलोचे कासवाचे कवच बांधून. पुढे ते ४० किलोचे होते. या भागांमध्ये झुंज जवळजवळ नाही, तरीही ते वगळू नयेत, कारण स्पर्धेत मुले पहिल्यांदा उडी मारतात तेव्हा तिची उंची आपल्याला त्या कवचाच्या वजनामुळे जाणवते. चित्रकाराने एरवी त्या उडीसाठी वेगळे काय काढले असते?

स्पर्धेत नामु नावाचा एक फेटेधारी, भारतीय वळणाचा योद्धा आहे. त्याच्या गावात दुष्काळ पडला आहे आणि बक्षिसाच्या पैशातून गावासाठी पाणी विकत घ्यायचे, एवढ्यासाठी तो आलेला आहे. टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या वाचकाला हा प्रसंग हसत हसत पाहणे जमेल असे वाटत नाही, आणि तोरियामांच्या विनोदी शैलीचे कसब यातच आहे की त्यांनी तो हास्यास्पद केलेला नाही. जॅकी चुन या स्पर्धकाविषयी मी काही सांगत नाही. नाव वाचून कुंग-फू चित्रपटांची आठवण झाली असेल, तर ती बरोबर आहे, कारण तोरियामा जॅकी चॅन यांचे चाहते होते.

पालकांसाठी एक सूचना इथेच करणे इष्ट. मालिका मुलांची मानली जात असली तरी तो म्हातारा गुरू अत्यंत वात्रट आहे आणि सुरुवातीच्या भागांत स्त्रियांविषयीचे अनेक विनोद आज सहज खपवून घेता येत नाहीत. लहान मुलांसोबत पाहायचे असल्यास आधी स्वतः पाहून घ्यावे.

पायरी ३: एक झुंज तीनदा पाहावी

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाईत बहुतेक जण हीच टाळतात. गोकू आणि नामु यांची उपान्त्य फेरीतली लढत निवडावी.

पहिल्यांदा ती सरळ, आवाजासकट पाहावी. मासाको नोझावा या अभिनेत्रीचा आवाज गोकूला जपानीत आहे. त्या पुढे गोकूच्या दोन्ही मुलांचेही आवाज झाल्या, आणि ठोसा मारण्याआधीचा त्यांचा श्वास हा चित्राइतकाच झुंजीचा भाग आहे. म्हणून हिंदी किंवा इंग्रजी आवाजाची सवय असली तरी हा अभ्यास जपानी आवाजावर, उपशीर्षके लावून करावा.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करावा आणि फक्त थांबे मोजावेत. नामु उंच आकाशात उडतो, दोन्ही हात फुलीसारखे आडवे धरतो आणि वरून कोसळतो. या सबंध डावात चित्र कुठे स्थिर आहे आणि कुठे हलते, हे मनाशी नोंदवावे. बहुतेक चांगल्या जुन्या झुंजींत असे आढळते की पवित्रा घेतानाचे चित्र दीर्घ काळ धरलेले असते, प्रत्यक्ष आघात दोन-तीन चित्रांत संपतो, आणि आघातानंतर पुन्हा चित्र थांबते. जपानच्या पारंपरिक काबुकी नाट्यात उत्कट क्षणी नट एका मुद्रेत गोठून उभा राहतो, त्याला ‘मिए’ म्हणतात. त्या वेळी लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट होतो आणि सारे प्रेक्षागृह त्या मुद्रेकडे पाहते. ॲनिमेचा थांबलेला पवित्रा मला त्याच घराण्यातला वाटतो. केंदो या जपानी तलवारबाजीतही फटका लागल्यावर योद्ध्याची सावधता सुटली, तर तो गुण धरला जात नाही. या शिल्लक राहिलेल्या सावधतेला ‘झान्शिन’ म्हणतात. आघातानंतर धरून ठेवलेल्या चित्रात हेच पाहायचे असते: पाय कुठे रोवले आहेत, खांदा सैल आहे की ताठ, नजर कुणावर आहे.

तिसऱ्यांदा झुंज एकेक चौकट पुढे सरकवत पाहावी. आता हाताची पाच बोटे लांबलचक, एकमेकांत मिसळलेली दिसतील. चेहरा अर्धा पुसलेला असेल. एखादी चौकट संपूर्ण पांढरी किंवा उलट्या रंगांची निघेल. थांबवून पाहिल्यास ही चित्रे चुकलेली वाटतात आणि समाजमाध्यमांवर अशा चौकटी काढून त्यांची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. परंतु ती चित्रे थांबवून पाहण्यासाठी काढलेलीच नव्हती. सेकंदाच्या आठव्या भागात डोळ्याला फटका बसावा, एवढेच त्यांचे काम होते.

पायरी ४: हात ओळखायला शिकावे

साप्ताहिक मालिकेचे भाग वेगवेगळ्या तुकड्या आळीपाळीने करीत आणि प्रत्येक भागावर एक ‘साकुगा कान्तोकु’, म्हणजे चित्र-दिग्दर्शक, असे, जो इतरांची चित्रे दुरुस्त करून चेहरे एका वळणावर आणी. त्यामुळे एका आठवड्यात गोकूचे गाल गोल आणि डोळे मोठे, तर दुसऱ्या आठवड्यात जबडा कोरल्यासारखा, असा फरक सर्रास दिसतो. नव्या प्रेक्षकाला हा हलगर्जीपणा वाटतो. मला विचाराल तर या मालिकांचे निम्मे आकर्षण इथे आहे: एकच बंदिश वेगवेगळ्या गवयांकडून ऐकावी तसे एकच पात्र वेगवेगळ्या हातांतून पाहायला मिळते. श्रेयनामावलीतले नाव वाचता येत नसले तरी हरकत नाही. वहीत भागाचा क्रमांक आणि ‘गोल’, ‘टोकदार’, ‘जाड रेघ’ असे साधे शब्द लिहीत गेल्यास आठ-दहा भागांत दोन-तीन हात नक्की वेगळे करता येतात.

ज्याला या वाटेने पुढे जायचे आहे, त्याने योशिनोरी कानादा हे नाव लक्षात ठेवावे. १९५२ साली जन्मलेल्या आणि २००९ साली निधन पावलेल्या या चित्रकाराने गुडघे वाकवून शरीर तिरपे फेकणारे पवित्रे आणि जिवंत प्राण्यासारखी वळवळणारी आग काढली, आणि एका पिढीने त्यांची नक्कल केली.

पायरी ५: मग मागे जावे

‘ड्रॅगन बॉल’ पचल्यावर पुढच्या मालिकेकडे धावण्याऐवजी सतराएक वर्षे मागे जाऊन ‘टायगर मास्क’चे दोन-चार भाग पाहावेत. तोएईची ही कुस्तीची मालिका १९६९ ते १९७१ या काळात १०५ भागांत आली. त्याआधी कागदावरची रेघ सेलवर हाताने, पेनाने गिरवली जाई आणि गिरवताना ती गुळगुळीत होई. आता पेन्सिलीची रेघ यंत्राने थेट सेलवर उतरवता येऊ लागली, आणि या मालिकेच्या चित्रकारांनी त्या सोयीचा फायदा घेऊन मुद्दाम खरखरीत, तुटक, रागीट रेघ ठेवली. मल्लाच्या पाठीवरची रेघ पाहिली की पेन्सिलीवर किती जोर दिला असेल, हे हाताला कळते.

त्यानंतर ‘आशिता नो जो’च्या दोन मालिका येतात. पहिली १९७०ची, ७९ भागांची. दुसरी १९८०-८१ची, ४७ भागांची. दोन्हींचे दिग्दर्शन ओसामु देझाकी यांचे आहे. ही कथा मुष्टियुद्धाची आहे, त्यामुळे काटेकोरपणे पाहता ती जपानी ‘बुदो’, म्हणजे युद्धकलेच्या, परंपरेत बसत नाही. पण थांबलेल्या चित्राचा विचार करायचा आणि देझाकींना वगळायचे, हे शक्य नाही. त्यांनी गरजेपोटी आलेल्या थांब्याला कथेचे मर्म बनवले. कथेचा नायक ‘जो’ कोसळतो, त्या क्षणी चालते चित्र एकाएकी गोठते आणि त्याच्या जागी जाड, कुंचल्याने छाया भरलेले, पोस्टकार्डावर छापावे असे एक रंगचित्र येते. जणू पाहणाऱ्याला तो क्षण घडत असतानाच आठवू लागला आहे. दुसरी त्यांची सवय म्हणजे एकच आघात सलग तीनदा दाखवणे. पहिल्यांदा धक्का बसतो, दुसऱ्यांदा कळते, तिसऱ्यांदा दुखते.

वेळ कमी असलेल्यांनी दुसरी मालिका आधी पाहिली तरी चालेल, मात्र ती सुरू होते तेव्हा जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मरण पावलेला असतो, हे माहीत असावे. मूळ चित्रकथेत रिकिइशी मेला तेव्हा मार्च १९७० मध्ये तोक्योत त्याची खरीखुरी अंत्यविधी-सभा भरली होती. ती कवी-नाटककार शूजी तेरायामा यांनी घडवून आणली आणि सुमारे ७०० माणसे एका काल्पनिक मुष्टियोद्ध्यासाठी जमली.

पायरी ६: ‘होकुतो नो केन’ आणि ‘यु यु हाकुशो’

या दोहोंविषयी थोडक्यात. तोयोओ आशिदा यांच्या दिग्दर्शनाखालील ‘होकुतो नो केन’ ऑक्टोबर १९८४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या मालिकेचे १०९ भाग झाले. अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगात केन्शिरो हा योद्धा शत्रूच्या मर्मस्थानांवर बोट ठेवतो आणि काही क्षणांनी शत्रूचे शरीर आतून फुटते. छापील चित्रकथेत हे उघड दिसते; दूरचित्रवाणीवर ते दाखवता येत नसल्याने फुटणारी शरीरे काळ्या छायाकृतींत आणि पांढऱ्या झोतांत दाखवली आहेत, आणि माझ्या मते बंधनातून आलेली ही युक्ती मूळ चित्रापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. सगळे भाग पाहण्याची गरज नाही, मध्ये भरताड पुष्कळ आहे. पुढच्या भागाची झलक मात्र चुकवू नये: शिगेरु चिबा यांचे निवेदन सुरुवातीला गंभीर असते आणि आठवड्यागणिक वेडेपिसे होत जाते. ही मालिका मुलांसाठी नाही. योशिआकी कावाजिरी यांचा १९९३चा ‘जुबेई निन्पूचो’ हा चित्रपट तर केवळ प्रौढांसाठीच आहे, त्यातली लैंगिक हिंसा काहींना असह्य होईल. चित्रकामासाठी त्याचे नाव घेतले जाते म्हणून ही सूचना.

‘यु यु हाकुशो’ (१९९२ ते १९९५, ११२ भाग) ही या पद्धतीच्या उतरत्या काळातली आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वांत प्रौढ अशी साप्ताहिक मालिका म्हणता येईल. साधारण २६ ते ६६ या भागांतली काळोखी स्पर्धा हा तिचा गाभा आहे. तोवर चित्रकारांना थांबा कुठे घ्यायचा हे इतके ठाऊक झाले होते की ते मध्येच, अनपेक्षित ठिकाणी, तीन-चार सेकंद अखंड हालचाल ओततात आणि प्रेक्षक दचकतो.

पायरी ७: प्रत कोणती निवडावी

जुन्या दूरचित्रवाणीची चौकट चारास तीन या प्रमाणात असते. आजचा पडदा भरावा म्हणून काही आवृत्त्यांत चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापून ते सोळास नऊ केलेले असते. यात उंचीचा चौथा हिस्सा जातो. युद्धकलेत पाय दिसले नाहीत तर पवित्रा कसला पाहायचा? दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली प्रत हीच बरोबर प्रत समजावी आणि टीव्हीवरील चित्र ताणण्याची सोय बंद करावी.

दुसरी गोष्ट दाण्याची. फितीवर बारीक, सतत थरथरणारे दाणे असतात आणि ते ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात काही आवृत्त्यांत पेन्सिलीची रेघच पुसट झाली आहे. शक्य असल्यास दाणे राखलेली अधिकृत प्रत घ्यावी. ‘ड्रॅगन बॉल झी’चे २९१ भाग लांबण्याचे कारण, मूळ चित्रकथा पुरेशी पुढे सरकलेली नसतानाही दर आठवड्याला नवा भाग द्यावा लागे, हे होते; नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे खलनायक सांगतो आणि ती पाच मिनिटे सुमारे दहा भाग चालतात. २००९ साली आलेल्या ‘काई’ या आवृत्तीत असे भरताड काढून टाकले आहे. कथा जाणून घ्यायची असेल तर ती सोयीची आहे. परंतु तीत काही चित्रे नव्याने रेखाटलेली आहेत, त्यामुळे हात ओळखण्याच्या अभ्यासाला ती घेऊ नये.

पायरी ८: वहीच्या कोपऱ्यात एक ठोसा काढावा

१९९७च्या सुमारास तोएईने रंगकाम संगणकावर नेण्यास सुरुवात केली आणि पाच-सहा वर्षांत बहुतेक स्टुडिओंनी सेल सोडला; ‘साझाए-सान’ ही कौटुंबिक मालिका तेवढी सप्टेंबर २०१३ पर्यंत सेलवर टिकली. आता ते साहित्य मिळणे कठीण, पण त्यातला हिशोब शंभर पानी वहीत करून पाहता येतो.

वहीच्या शेवटच्या आठ पानांचे उजवे खालचे कोपरे घ्यावेत. आठ पाने म्हणजे एक सेकंद. पहिल्या तीन पानांवर एकच चित्र काढावे: काड्यांचा माणूस, हात मागे खेचलेला, गुडघे वाकलेले. चौथ्या पानावर हात पुढे निघालेला, पाचव्यावर हाताऐवजी फक्त एक लांब फराटा, सहाव्यावर ठोसा लागलेला. सातव्या आणि आठव्या पानांवर सहाव्याचेच चित्र जसेच्या तसे उतरवावे, पाय हलू देऊ नयेत. आता अंगठ्याने पाने सोडावीत. ठोसा मऊ, पाण्यातून मारल्यासारखा वाटला, तर मधे आणखी चित्रे घालण्याचा मोह होईल. तसे न करता चौथे पान फाडून टाकावे आणि पुन्हा पाहावे.